धाब्याच्या मातीतला तुकडा

चैत्र संपत आला होता आणि आमच्या जुन्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं छत, उतरवायचं काम चाललं होतं. वरून टोपल्या ओतल्या जात होत्या, अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग वाढत होता, आणि घरातल्या सगळ्यांच्या पापण्यांवर, ओठांवर ती माती बसली होती. ढिगातून एका मजुराने जाडसर खापर उचललं आणि फावड्याला आडवं येतंय म्हणून भिरकावलं. ते ओट्याच्या दगडावर आपटलं, बद्द आवाज झाला, आणि ते फुटलं नाही. फुटलं असतं तर मी वळून पाहिलंही नसतं. जाऊन उचललं. तळहाताएवढा तुकडा, अंगठ्याइतका जाड. एका बाजूला मातीची उठावदार पट्टी आडवी चिकटवलेली, आणि तिच्यावर एकाला लागून एक खळगे, बोटाने दाबलेले. मी ओढणीने पुसत होते तेवढ्यात काकूने विचारलं, "काय शे ते, बाई?" मी दाखवलं. तिने दुरूनच पाहिलं. "टाक ते. फुटेल खापर घरमा आणू नई." मी म्हटलं, काकू, हे इतकी वर्षं आपल्या डोक्यावरच होतं की. त्यावर जराही न अडखळता ती म्हणाली, "डोकावर व्हतं ते येगळं."

ते वेगळं कसं, हा प्रश्न दिवसभर मला सोडेना.

आमचं गाव गिरणाकाठी, चाळीसगाव-भडगावच्या पट्ट्यात. धाब्याचं घर म्हणजे काय ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर कडुनिंबाचा पाला नाहीतर तुरखाट्या, मग चिखल आणि सगळ्यात वर चांगली हातभर पांढरी माती. दर वर्षी मृगाच्या आधी त्या मातीवर नवी माती पडायची. जुनी कधी काढली जायची नाही, त्यामुळे धाबं पिढ्या न् पिढ्या जाड होत जायचं आणि खालचे सरे वाकत जायचे. आता लोक या घरांची फार तारीफ करतात. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार, पर्यावरणाला पूरक वगैरे. त्यातलं काही खोटं नाही. पण ही तारीफ करणारे बहुतेक तिथे राहत नाहीत. जेवताना ताटात पडणारी माती, पावसाळ्यात घरभर मांडलेली पातेली, सऱ्यांच्या फटीत मुक्कामाला आलेला साप, हे ज्यांनी भोगलंय त्यांना स्लॅब हवाच असतो. काकूला हवा होता. भावाने काम काढलं तेव्हा सगळ्यात आनंदी तीच होती. आणि तरी, पहिली टोपली खाली आली तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच म्हणाली, माती गेली डोळ्यांत.

मला मात्र धाब्याच्या वरच्या अंगाचीच आठवण जास्त. वैशाखात अंगाची लाही होत असताना रात्री आम्ही सगळे वर झोपायला जायचो. पाणी शिंपडून माती निवायची, तिचा वास नाकात घेत, चांदण्या मोजत झोप लागायची. दिवसा त्याच जागेवर बिबड्या, कुरडया, शेवया वाळत असायच्या आणि कावळे हाकायचं काम आम्हा पोरींकडे. तिथे बसल्या बसल्या नखाने माती उकरली की कायकाय सापडायचं. शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखादा भोक पडलेला मणी, हाडं, आणि खापऱ्या तर विचारूच नका. पाटलीच्या जाडीची, बऱ्यापैकी सपाट खापरी मिळाली की ती दगडावर घासून गोल करायची आणि अंगणात आखलेल्या घरांत लंगडी घालत खेळायला ठिकरी म्हणून वापरायची. चांगली घासलेली ठिकरी ही मालमत्ता होती, तिच्यासाठी भांडणं व्हायची. पुढे कॉलेजात असताना एका उत्खननाचा अहवाल हातात आला, त्यात सापडलेल्या वस्तूंच्या यादीत खापरं घासून केलेल्या गोल चकत्या होत्या, चित्रांसकट, आणि त्यांची ओळख खेळातल्या ठिकऱ्या अशीच दिली होती. म्हणजे आम्ही जुनं खापर घासून ठिकरी करत होतो, तेच कुणीतरी फार आधी केलेलं होतं. आमच्या ठिकऱ्यांपैकी एखादी उद्या कुणाला सापडली, तर तो ती कुठल्या काळात बसवेल?

ही माती यायची गावाच्या पांढरीतून. नदीच्या वळणावर, शेतांच्या काळ्या जमिनीतून वर उठलेलं एक टेकाड होतं. काळीत पीक, पांढरीत वस्ती. जिथे पिढ्यांमागून पिढ्या घरं पडली, पुन्हा उभी राहिली, चुली विझल्या, गोठे साचले, त्या जागेची माती राखेने आणि शेणाने पांढुरकी, भुसभुशीत होते. ती धाब्यावर टाकली तर पाणी धरून ठेवत नाही, शेतात टाकली तर खत म्हणून चालते. त्यामुळे खानदेशात काय किंवा साऱ्या महाराष्ट्रात काय, अशी कितीतरी टेकाडं बैलगाड्यांनी वाहून नेली. आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी त्या टेकाडावर चढलं की पलीकडच्या गावाचं देऊळ दिसायचं. मी पाहिलं तेव्हा ते निम्मं होतं. आता त्याच्या एका अंगाला पाण्याची टाकी आहे आणि दुसऱ्या अंगाला नदीतली वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांचा रस्ता. वाईट वाटतं, पण कुणाला नावं ठेवायची? आमच्याच घराच्या वर त्याचा एक कोपरा होता.

आमच्या टेकाडाला कुणी अभ्यासक कधी कुदळ लावायला आला नाही. पण याच गिरणेच्या काठी, चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ आहे. तिथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ साली आणि पुन्हा १९५६-५७ साली उत्खनन केलं. सगळ्यात खालच्या थरात तांबं आणि दगड एकत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती लागली, म्हणजे आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षं मागे. तिकडे तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे. आपण तिथे दक्षिण काशी म्हणून जातो, सिंहस्थात गर्दी करतो, आणि ज्या उंचवट्यावर उभं राहतो तोही पांढरीच. बी. के. थापर यांनी १९५५ साली तिथे खोदलं. तापीकाठच्याच सावळदा या गावाचं नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. तिच्या मडक्यांवर काळ्या रंगात मासे, मोर, बाणांची टोकं, मासे मारायचे काटेरी भाले काढलेले असतात. साक्री तालुक्यातल्या कवठ्यालाही याच लोकांची वस्ती सापडली. शाळेत आम्हाला हडप्पा आणि मोहेंजोदडो नकाशावर दाखवायला लावायचे. बहाळ कुणी दाखवलं नाही, आणि ते आमच्या एसटीच्या थांब्यांत होतं.

रात्री सगळे निजल्यावर मी बादलीत पाणी घेतलं, जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि ओट्यावर बसून तुकडा धुतला. तो पाणी पिऊ लागला. बारीक बुडबुडे निघाले आणि पहिल्या पावसाचा वास आला, अगदी तोच. बाहेरून विटकरी, मधून मधून धुरकट काळे डाग. तुटलेल्या कडेकडे पाहिलं तर बाहेरचा पापुद्रा तांबडा, आतला करडा आणि मधला गर काळाकुट्ट. भिंत जाड असली की भट्टीतली आच आणि हवा आतपर्यंत पोचत नाही, मातीत कालवलेला भुसा आणि शेण पुरतं जळत नाही, म्हणून तो काळेपणा. जिथे जळून गेलं तिथे बारीक लांबट पोकळ्या राहिल्या होत्या. एका ठिकाणी तुसाचा ठसा इतका स्पष्ट होता की त्याच्या रेघा दिसत होत्या. आतल्या बाजूला चाकाच्या गोल रेघा नव्हत्या. उंचसखल होतं, हात फिरवल्याचं, थोपटल्याचं कळत होतं. म्हणजे हा चाकावरचा नव्हे, हाताने चढवत नेलेला. आणि बाकाची गोलाई एवढी उघडी, की पुरा केला तर तो माठ नव्हे, चांगला कमरेइतका रांजण झाला असता.

मग मी पट्टीवरच्या खळग्यांत बोट घातलं. माझी तर्जनी बसेना. करंगळी बसली. एका खळग्यात तळाशी चंद्रकोरीसारखी बारीक चीर होती, नखाची. बाकी कशात नव्हती, फक्त त्या एकात. दाबता दाबता बोट जरा तिरपं झालं असेल, कुणी हाक मारली असेल, पोर रडलं असेल. माझ्या मनात एक बाई लगेच उभी राहिली. लहान बोटांची, घाईत असलेली. असं चटकन उभं राहू द्यायचं नसतं हे मला कळतं. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आसपास. शिवाय बोटाचं नुसतं टोकच दाबलेलं असतं. त्या खळग्यावरून बाई, पोर की सडपातळ पुरुष हे सांगता येत नाही. पण नख होतं, एवढं तर खरं.

पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवले. त्याने फोन केला तो पहिला प्रश्न घेऊनच, कुठे सापडलं? मी म्हटलं धाब्यावर. तो हसला आणि मग उसासा टाकून म्हणाला, थर गेला की वय गेलं. मला वाटलं होतं तो फोटो पाहून सांगेल, हे इतक्या काळचं. चाकावरची रंगीत भांडी असती तर बहुधा सांगितलंही असतं. जोर्वे म्हणून ओळखली जाणारी त्या जुन्या शेतकऱ्यांची पातळ, तांबडी, काळ्या रेघांची भांडी टिचकी मारली तर खणखणतात, ती दुरून ओळखू येतात. पण हाताने केलेले जाडेभरडे रांजण आणि त्यांच्या अंगावरची ही बोटांनी दाबलेली दोरपट्टी फार चिवट. ताम्रपाषाण काळात ती आहे, पुढे लोखंड आल्यावरही आहे, आणि मध्ययुगातल्या रांजणांवरही आहे. हा तुकडा तीन हजार वर्षांचा असेल, पाचशेचाही असेल. खाली कुठली भांडी होती, वर कुठली होती, शेजारी चूल होती की धान्याचा खड्डा, यावरून ते ठरलं असतं. ते शेजार माझ्या पणजोबांनी फावड्याने मोडलं आणि गाडीत भरलं.

मी प्रयोगशाळेचं विचारलं. भाजलेल्या मातीचं वय काढायची एक पद्धत असते ना? असते, तो म्हणाला. भांडं भट्टीत तापलं की मातीतल्या स्फटिककणांत साठलेली ऊर्जा निघून जाते. नंतर ते जमिनीत पडलं की आजूबाजूच्या मातीतल्या अत्यल्प किरणोत्सर्गाने ती पुन्हा थोडी थोडी साठत जाते. प्रयोगशाळेत पुन्हा तापवलं की ती उजेडाच्या रूपाने बाहेर पडते, तो उजेड मोजायचा. पण त्यासाठी तुकडा कोणत्या मातीत पुरलेला होता हे ठाऊक हवं, त्या मातीचा किरणोत्सर्गही मोजायला हवा. तुझा तुकडा अर्धं आयुष्य एका मातीत आणि उरलेलं दुसरीकडे, उन्हापावसात. मग त्याने बजावलं, टेकाडावर जाऊन स्वतः काही उकरत बसू नकोस, ते काम परवान्याचं आहे. आणि ह्या तुकड्याबरोबर एक चिठ्ठी ठेव. गाव, घर, धाब्याच्या कोणत्या भागातली माती, तारीख. मी लिहिली. 'मधल्या खणाच्या धाब्यातून, मूळ जागा माहीत नाही.' लिहिताना जरा ओशाळल्यागत झालं. हे मूळ जागा माहीत नसणं आमच्याच घराने घडवलेलं होतं.

खानदेशाला इतिहास जपायची हौस नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा शेवटचा काळ धुळ्यात गेला, १९२६च्या अखेरीस ते तिथेच वारले, आणि त्यांच्यामागे धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची, कोनाड्यांतली दप्तरं सोडवत फिरले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद त्यांनी वाचवले, हे आपण अभिमानाने सांगतो. कागदाची एक सोय असते. त्यावर नाव असतं, तिथी असते, निदान कुणाचा तरी शिक्का असतो. कागद कुठेही गेला तरी आपली ओळख बरोबर घेऊन जातो. खापराची ओळख जमिनीतच राहते. माळ्यावरचा कागद राजवाड्यांना पुरला असता. माळ्याच्या वरचं खापर त्यांच्याही उपयोगाचं नव्हतं.

संग्रहालयांतही मी पाहिलंय, काचेमागे मानाने ठेवलेली असतात ती रंगवलेली भांडी. मोर, हरणं, मासे. त्यांच्यापुढे लोक थांबतात, मीही थांबते. आणि जाड्या रांजणांचे तुकडे कुठेतरी खालच्या फळीवर, नाहीतर पेटाऱ्यात. नक्षी म्हणजे रंगच, असं आपण धरून चालतो. पण घर चालायचं ते रांजणावर.

आमच्या मोठ्या मायच्या (आजीला आम्ही सगळे मोठी माय म्हणायचो) कोठीच्या खोलीत मातीची उतरंड होती आणि कोपऱ्यात दोन रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत रोवलेले. एकात ज्वारी, एकात उडीद. त्या खोलीत उजेड फक्त वरच्या झरोक्यातून यायचा, एकच तिरपा पट्टा, आणि त्यात धान्याची धूळ तरंगत असायची. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा कडवट वास, राखेचा वास, मधे घातलेल्या बिब्ब्याचा वास. रांजणात हात घातला की वरचं धान्य कोमट आणि खालचं थंड लागायचं, मला ते फार आवडायचं, आणि मोठी माय ओरडायची की घामेजला हात घालू नको, कीड लागेल. तोंडावर दगडी झाकण आणि भोवती शेणमातीचं लिंपण. रांजण फोडायचा दिवस ठरलेला. आणि तळ कधी दिसू द्यायचा नाही, शेवटचं पायलीभर धान्य नवं येईपर्यंत तसंच ठेवायचं, हा तिचा कायदा. १९७२च्या दुष्काळात तिने हा कायदा मोडला होता असं म्हणतात. मला ते आठवत नाही, मी फारच लहान होते. ऐकलंय ते एवढंच, की लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन घर जगलं, आणि पुढच्या वर्षी पहिली ज्वारी आली तेव्हा तिने आधी रांजणाच्या तळाशी मूठभर टाकली, मग जात्यावर बसली.

या तुकड्याच्या रांजणात काय होतं, कोण जाणे. ताम्रपाषाण काळातला असेल तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बहुधा नव्हे. घोडनदीकाठच्या इनामगावला, जिथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून बारा हंगाम खोदकाम केलं, तिथल्या लोकांचं मुख्य धान्य जव होतं. धान्य ठेवायला त्यांच्याकडे मातीने लिंपलेले खड्डे होते आणि असे मोठे रांजण. ते रांजण चार सपाट दगडांवर टेकवलेले असत, म्हणजे खालून ओल लागू नये. घर पडून गेलं तरी ते चार दगड जागेवर सापडतात. इ.स.पू. १०००च्या सुमारास आपल्या तापीच्या खोऱ्यातल्या, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या या शेतकऱ्यांच्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. पाऊस कमी कमी होत गेला हे त्याचं एक कारण सांगतात. तळ दिसला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आणि मी तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसलो होतो. खापर मी चिठ्ठीसकट ओट्याच्या कडेला ठेवलं होतं, घराच्या बाहेर, तिच्या शब्दाबाहेर न जाता. तिने विचारलं, मोठ्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या त्या मित्राने, काय सांगितलं म्हणून. मी बहाळचं सांगितलं. नदीच्या त्या बाजूला टेकवाड्याला त्याच जुन्या काळातली दफनं मिळाली तेही सांगितलं. मग बोलता बोलता इनामगावची गोष्ट निघाली. तिथे चार पायांचा एक मोठा रांजण निघाला, त्यात एक माणूस मांडी घालून बसवलेला होता. आणि लहान लेकरू गेलं तर ते लोक दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात लेकराला ठेवत, आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नव्हे, चुलीच्या आसपास. मी माहिती सांगायच्या भरात होते. काकूचे हात थांबलेले माझ्या उशिरा लक्षात आलं. तिचं पहिलं बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं. त्याला नदीच्या थडीला, आमच्या शेताच्या बांधाखाली नेलं होतं, आणि पुढच्या पुरात ती थडीच गेली.

"म्हंजे घरमाच ठेवं," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. ती पुन्हा खडे वेचायला लागली. थोड्या वेळाने उठून तिने ते खापर हातात घेतलं, पहिल्यांदाच. उलटंपालटं करून पाहिलं, खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि होतं तिथेच ठेवून दिलं. घरात आणू दिलं नाही ते नाहीच.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजीला आमच्याकडे घागर पुजतात. नवी कोरी मातीची घागर, पाण्याने भरलेली, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे, गेलेल्या माणसांच्या नावाने. चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणाची आगारी टाकायची, मग आपण जेवायचं. पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत संसार हललेला असला तरी घागर हवीच, म्हणून मी बाजाराच्या गावी कुंभाराकडे गेले आणि जाताना तुकडा पिशवीत टाकला. अंगणात लाल घागरींच्या राशी लागल्या होत्या, बायकांची गर्दी होती. प्रत्येक बाई घागर उचलून, कानाशी धरून, टिचकी मारून बघत होती. गर्दी ओसरल्यावर मी म्हाताऱ्या बाबांना तुकडा दाखवला आणि विचारलं, बाबा, ही नक्षी तुम्ही करता का?

त्यांनी चष्मा वर केला. नक्षीकडे पाहिलंच नाही. तुकडा उभा धरून त्याची खालची कड पाहिली, मग अंगठ्याने चाचपली. "हाई नक्षी नई शे, ताई. हाऊ सांधा शे." मग त्यांनी ते समजावलं, आणि समजावताना नातवाकडून ओल्या मातीचा गोळा मागवून घेतला. एवढा मोठा रांजण एका दमात उभा राहत नाही. ओल्या मातीला स्वतःचंच वजन पेलत नाही, ती बसते. म्हणून आधी बूड करायचं, ते थोडं कडक होऊ द्यायचं, काठ मात्र ओल्या फडक्याने झाकून ओला ठेवायचा. मग त्यावर मातीची वळी बसवायची, आतून दगड धरून बाहेरून थापीने ठोकायची, पुन्हा थांबायचं, पुन्हा चढवायचं. जिथे कालची माती आणि आजची माती भेटते ती जागा कच्ची. तिथेच तडकतो. म्हणून त्या जागेवर बाहेरून मातीची पट्टी लावायची आणि ती बोटाने दाबत दाबत आतल्या दोन्ही मातींत घुसवायची. प्रत्येक दाब जितका खोल तितकी पकड चांगली. दिसायला बरं दिसतं, ते वेगळं. पूर्वी ओला रांजण वाळताना फाकू नये म्हणून त्याला दोरही बांधायचे, त्याचाही वळ उमटायचा, पट्टी तशीच दिसते.

मग त्यांनी ती खालची कड माझ्या बोटाखाली दिली. तिन्ही बाजू ओबडधोबड, दातेरी होत्या. खालची मात्र गुळगुळीत, किंचित आतल्या बाजूला वळलेली. मी रात्रभर तुकडा पाहत होते आणि हे मला दिसलं नव्हतं, कारण मी नक्षीकडे पाहत होते. रांजण सांध्यावरच सुटला होता. पट्टी वरच्या भागाला धरून राहिली आणि खालचा भाग निसटला. बाबा म्हणाले, माती चांगली होती, भाजणी कच्ची होती, पण हात चांगला होता. नखाची चीर दाखवली तर ते हसले आणि स्वतःच्या अंगठ्याचं वाढलेलं नख मला दाखवलं.

मी विचारलं, असा रांजण आता करून द्याल? ते बराच वेळ गप्प होते. नातू म्हणाला, आव्यात (भट्टीत) जागा किती अडवेल, तेवढ्यात चाळीस घागरी निघतील. सून म्हणाली, घेऊन ठेवणार कुठे, ताई, नाशिकला फ्लॅट ना तुमचा? दोघांचंही खरं होतं. माझ्या घरात ज्वारी येते ती पाच किलोच्या पिशवीत, आणि तळ दर महिन्याला दिसतो. बाबा म्हणाले, आत्ता नाही. आत्ता ऊन मारतं, बाहेरून वाळतो आणि आतून ओला राहतो, सांध्यावर फाटतो. पावसाळा गेल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाला. आणि कमरेएवढा नाही, गुडघ्याएवढा. मी पर्स उघडली, आगाऊ किती देऊ म्हणून. त्यांनी हात हलवला, तुकडा माझ्या पिशवीत परत टाकला आणि घागरीचे तेवढे पैसे मागितले. रांजण आव्यातून साबूत निघाला तर फोन करतो म्हणाले, आणि नातवाला माझा नंबर लिहून घ्यायला सांगितलं.